चिंता करणे म्हणजे अविश्वास का? थकलेले कर्ज आणि देवावरचा भरवसा

राम कृष्ण हरी.

आपण धाराशिव जिल्ह्यातील अल्पभूधारक शेतकरी आहात, माळकरी आहात आणि आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सोयाबीन पाण्याखाली गेले, वडिलांच्या हृदयाच्या आजारावर मोठा खर्च झाला, बँकेचे पीककर्ज थकले आणि त्यावर एका खासगी सावकाराचे देणे चढले. आपण रोज न चुकता हरिपाठ म्हणता. भजनी मंडळातील मंडळी सांगतात की देव बघून घेईल, चिंता करणे म्हणजेच अविश्वास. घरी पत्नी विचारते की देव बघणार असेल तर हप्त्याच्या तारखेला तो कुठे असतो. रात्र रात्र झोप येत नाही, त्यामुळे आपल्याला स्वतःच्याच श्रद्धेची शंका येऊ लागली आहे. बँकेत हेलपाटे घालणे आणि पाहुण्यारावळ्यांपुढे हात पसरणे हा अविश्वास ठरतो का, आणि वडिलांसाठी तुळजापूरच्या आईला बोललेला नवस आता उसने पैसे काढून फेडावा का, असे आपण विचारले आहे.

मी परभणी जिल्ह्यात कोरडवाहू शेती करतो आणि बरीच वर्षे सप्ताहांतून कीर्तनसेवा करतो. कीर्तन आटोपून मंडप रिकामा झाल्यावर दोन-चार माणसे मागे रेंगाळतात, आणि त्यांपैकी बहुतेकांना अभंगाचा अर्थ विचारायचा नसतो, तर आपल्यासारखेच काही विचारायचे असते. त्या अनुभवावरून लिहितो आहे. मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही, हे ध्यानात ठेवावे.

सर्वांत आधी झोपेविषयी, कारण ती गोष्ट थांबून राहण्यासारखी नाही. आठवडेच्या आठवडे झोप न येणे, जेवणावरची वासना उडणे, ‘मी नसलो तर घरादाराची सुटका होईल’ असा विचार मनात घोळणे, ही श्रद्धा कमी पडल्याची लक्षणे नसून आजाराची आहेत, आणि हा आजार माळकऱ्याला होतो तसा कोणालाही होतो. त्याला औषध आहे. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते, मराठीतून बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. आपल्या मनात तसा विचार आला आहे की नाही, हे आपण लिहिलेले नाही. आला असेल तर आजच घरातील एका माणसाला तो शब्दांत सांगावा. आणि आला नसला तरी फवारणीची औषधे घरात ठेवू नयेत. भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या कोठीत कुलपात ठेवावीत. मराठवाड्यात कीर्तन करणाऱ्या माणसाला हे वाक्य का सांगावे लागते, याचे स्पष्टीकरण आपल्याला द्यायला नको.

आता मूळ विषयाकडे येतो. आपण प्रश्न श्रद्धेचा म्हणून मांडला आहे, परंतु आपल्या मजकुरातील एका वाक्यापाशी मी थांबलो. सावकाराची खरी रक्कम पत्नीला ठाऊक नाही, तिला निम्मीच सांगितली आहे, असे आपण जाता जाता लिहून गेला आहात. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ तिथे आहे. ‘देव बघून घेईल’ हे वाक्य आपल्या घरात दोन कामे करते आहे. एक काम भरवशाचे आहे, आणि दुसरे काम आकडा झाकून ठेवण्याचे आहे. ही दोन कामे एकाच तोंडून आणि एकाच वाक्यात होत असल्यामुळे कोणते कुठे संपते ते आपल्यालाच कळेनासे झाले आहे. ज्याला खरोखर वाटते की आपल्याला सांभाळणारा कोणी आहे, त्याला आकडा लपवण्याची गरज पडत नाही, कारण आकडा उघडा झाला म्हणून आपण कोसळणार नाही, एवढी तरी त्याला खात्री असते. म्हणून कोणाचा भरवसा किती हे मी त्याच्या नेमाधर्मावरून ठरवत नाही. स्वतःचे एकूण देणे घरच्या माणसांसमोर मोठ्याने सांगता येते का, एवढेच मी पाहतो.

यात काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. सावकाराने नुसत्या तोंडी शब्दावर पैसे दिले आहेत, की कोरे धनादेश आणि सही केलेले कोरे मुद्रांक घेतले आहेत, की शेताचे खरेदीखतच करून घेतले आहे, यावर पुढचा मार्ग बदलतो. वडिलांची पुढची शस्त्रक्रिया बाकी आहे का, घरात कोणी मजुरीने कमावते का, हेही मला माहीत नाही. आणि एक गोष्ट मी आपल्याला मुळीच सांगणार नाही, ती म्हणजे विश्वास ठेवा, सगळे फिटेल. ते सांगण्याचा अधिकार मला नाही. आमच्या परंपरेनेही तो कोणाला दिलेला नाही.

याचा सर्वांत मोठा पुरावा देहूचा आहे. १६३० च्या सुमारास जो भीषण दुष्काळ पडला, त्यात तुकोबांचा व्यापार बुडाला, घरातील गुरे गेली आणि त्यांची पहिली पत्नी अन्न अन्न करीत गेली. हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगून ठेवले आहे. ज्या माणसाला आपण भक्तीचा कळस म्हणतो, त्याच्या घरात धान्य आले नाही. तेव्हा श्रद्धा पक्की असेल तर ताटात भाकरी येतेच, असे जो कोणी आपल्याला सांगेल, त्याने आधी या घटनेचे उत्तर द्यावे. श्रद्धा पुरेशी नव्हती म्हणून रखमाबाई गेल्या, असे म्हणण्याची हिंमत कोणाची आहे? मग आपले सोयाबीन वाहून गेले त्याचा हिशेब आपल्या श्रद्धेच्या खात्यावर का मांडावा?

त्याच दुष्काळानंतरची दुसरी गोष्ट कीर्तनात फार रंगवून सांगितली जाते. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही ती गोष्ट. कर्जात बुडालेला माणूस ती ऐकतो आणि त्याला वाटते की भक्ती वाढली की कर्ज असेच पाण्यात जाते. येथे आम्हा कीर्तनकारांचा मोठा आळस आहे, कारण आम्ही ऐकणाऱ्याला एवढेही सांगत नाही की ती खते घेणेकऱ्याची होती. तुकोबांच्या घराकडे महाजनकी होती. त्यांनी लोकांकडून येणे असलेले पैसे सोडून दिले. तेसुद्धा सगळे नाही, कारण धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या, वाट्याची खते त्यांनी परंपरेप्रमाणे त्याला देऊन टाकली आणि फक्त स्वतःच्या वाट्याची बुडवली. दुसऱ्याचे येणे बुडवण्याचा अधिकार त्यांनी घेतला नाही. ही कथा सावकाराच्या अंगणात सांगायची आहे. ती आपल्याला सांगून कोणी स्वस्थ बसवत असेल तर ऐकू नये.

देणेकऱ्यासाठीची कथा दामाजीपंतांची आहे. ते मंगळवेढ्याचे, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या शेजारचे. आणि ज्या बेदरच्या बादशहाचे धान्य त्यांच्या ताब्यात होते, ते बीदरही उदगीरच्या पलीकडे लागूनच. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे लोकांसाठी उघडली, बादशहाचा कोप झाला, आणि पांडुरंग विठू महार होऊन बेदरला गेला व त्याने सगळ्या धान्याची किंमत दरबारात भरली, अशी ती कथा आहे. ऐकणारा ‘देवाने पैसे भरले’ एवढेच घेऊन घरी जातो. मला मात्र त्या कथेतील दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे देव ज्या रूपात आला ते गावातील सर्वांत खालचे समजले जाणारे रूप होते. मदत कोणाच्या हातून येईल हे घेणाऱ्याने ठरवायचे नसते. आपण ज्याच्यापुढे हात पसरायला लाजता, तो मेहुणा किंवा तो धाकटा चुलतभाऊ कदाचित तोच असेल. दुसरी गोष्ट अशी की विठू महाराने पैसे भरल्यावर बादशहाकडून पावती घेतली आणि ती दामाजीपंतांपर्यंत पोहोचवली. साक्षात देव पावतीशिवाय व्यवहार करीत नाही, आणि आपण मात्र सावकाराला दर महिन्याला रोख व्याज देता व कागदाचा कपटाही घेत नाही, असे आपल्याच मजकुरावरून दिसते.

जनाबाईंची गोष्ट आमच्या गंगाखेडची म्हणून मला अधिक जवळची. देव तिच्याबरोबर दळायला बसला, असे आपण म्हणतो. ती झोपून राहिली आणि पीठ आपोआप पडले, असे कोणी म्हणत नाही. खुंट्याला तिचाही हात होता. पैठणला नाथांच्या वाड्यात श्रीखंड्या होऊन देवाने कावडीने पाणी भरले, तेही रोज गोदावरीवर जाऊनच. या सगळ्या कथांमध्ये देव कष्टाची वाट टाळून आलेला मला कुठे दिसला नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात भक्ताचा योगक्षेम मी वाहतो असे जे आश्वासन आहे, तेही ज्याला उठून आपले काम कर असे बजावले जात होते, त्याच माणसाला दिलेले आहे.

म्हणजे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की बँकेत जाणे हा अविश्वास नाही. आता मागण्याच्या लाजेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात माणसे भुकेपेक्षा लाजेने अधिक खचतात.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या घरची वडीलधारी माणसे खडी फोडायला आणि नाला बांधाच्या कामावर गेली. चांगली बागायत असलेल्या घरांतील बायाही डोक्यावर पाटी घेऊन तिथे होत्या. कामावर सुकडी मिळायची आणि ती आणून लेकरांना खाऊ घातली जायची. ‘त्या साली पांडुरंगाने सुकडी धाडली म्हणून जगलो’ असे आमचे आजोबा म्हणत, आणि त्याच दमात मस्टरवर नाव नीट लागले की नाही यावरून मुकादमाशी कसे भांडलो तेही सांगत. त्यांच्या मनात या दोन गोष्टींत काहीही विरोध नव्हता. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा पुढे १९७७ मध्ये कायदा झाला, आणि जे संकटात मिळालेले साहाय्य होते ते मागणाऱ्याचा हक्क बनले. पंचनामा, नुकसानभरपाई, कर्जाचे पुनर्गठन, या गोष्टी त्याच जातीच्या आहेत. त्यांच्यासाठी अर्ज करताना आपण कोणापुढे पदर पसरत नाही. देव देतो असे मानणाऱ्याने तर अर्ज अधिक निर्धास्तपणे लिहावा.

नातेवाइकांकडे मागणे ही गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि तिथे मी सावध राहतो. एका पाहुण्याकडून घेऊन दुसऱ्याला देणे, कृषी केंद्राची उधारी फेडण्यासाठी सोने गहाण ठेवणे, सोसायटीत नुसते नवे-जुने करून मुद्दल तसेच ठेवणे, याने मुदत वाढते पण ओझे हलत नाही. मदत मागावी ती आकडा सांगून आणि कशासाठी ते सांगून. ‘थोडी अडचण आहे’ म्हणून मागितलेले पैसे नाते बिघडवतात. ‘एवढे देणे आहे, त्यातले एवढे अमक्या कामाला हवे आहेत, नाही जमले तरी राग नाही’ असे म्हणून मागितलेले सहसा बिघडवत नाहीत. सप्ताहात घरोघरच्या भाकरी एका पाटीत गोळा होतात आणि पंगतीत आपण कोणाची भाकरी खाल्ली हे कोणालाच कळत नाही. वर्षानुवर्षे आपण त्या पाटीत भाकरी टाकलेली आहे, मग एखाद्या वर्षी त्यातून घ्यायची वेळ आली तर आपला हात का आखडावा?

माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबाला मी जे करायला सांगतो, ते आता लिहितो. एक साधी वही घ्यावी आणि संध्याकाळचा हरिपाठ झाला की देवघरासमोरच, पत्नीला शेजारी बसवून, सगळे देणे लिहून काढावे. बँकेचे, सोसायटीचे, सावकाराचे, दवाखान्याचे, कृषी केंद्राचे, मायक्रो फायनान्सच्या गटाचे, हातउसने घेतलेले, सगळे. व्याज कोणते महिन्याचे आणि कोणते वर्षाचे ते वेगळे लिहावे, कारण शेकडा तीन रुपये ऐकायला थोडे वाटते आणि ते महिन्याचे असते, म्हणजे वर्षाला शंभरावर छत्तीस. देवघरासमोर अशासाठी की ज्या देवाला आपण रोज ‘सांभाळ’ म्हणतो, त्याला काय सांभाळायचे ते एकदा तरी पूर्ण सांगितलेले असावे. पत्नी रागावेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. परंतु मी पाहिले आहे की घरातील बाईला संकट आधीच कळलेले असते, फक्त त्याची लांबी-रुंदी कळलेली नसते, आणि न कळलेल्या आकड्याची कल्पना ती खऱ्यापेक्षा मोठीच करीत असते. तिचा जो प्रश्न आपल्याला नास्तिकपणाचा वाटला, तो मला तसा वाटत नाही. हप्त्याच्या तारखेला देव कुठे असतो, हे विचारणारी बाई देवाशी भांडते आहे, आणि भांडण ओळखीच्या माणसाशीच होते.

वही तयार झाली की बँकेचे काम पहिले. नैसर्गिक आपत्ती जाहीर झालेल्या भागात पीककर्जाचे पुनर्गठन होऊ शकते. त्यासाठी अर्ज लेखी द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी विचारून ‘साहेब नाहीत, नंतर या’ एवढे उत्तर घेऊन परत येणे म्हणजे न गेल्यासारखेच आहे. वडिलांच्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि हृदयाच्या अनेक उपचारांचा त्यात समावेश आहे. झालेला खर्च परत येईल असे मी म्हणत नाही. पुढचा तरी वाचावा.

सावकाराच्या बाबतीत शांतपणे पण ठाम राहावे लागेल. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवाना नसताना सावकारी करणे हा गुन्हा आहे, परवाना असलेल्याने घेतलेल्या पैशांची पावती द्यावी लागते, आणि बेकायदा सावकारीतून बळकावलेली जमीन चौकशीअंती मूळ मालकाला परत देण्याची तरतूदही त्यात आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. मात्र हा माणूस गावातलाच असेल, कदाचित सप्ताहाला देणगी देणाराही असेल. त्यामुळे तक्रार करायची की आधी चार माणसांत बसवून मुद्दल आणि व्याज ठरवून घ्यायचे, हे आपल्या गावची माणसे पाहून ठरवावे. खरेदीखत झालेले असेल तर बैठकीची वाट न पाहता वकिलाला कागद दाखवावेत. यापुढे एक रुपयाही साक्षीदाराशिवाय देऊ नये.

अमुक पूजा घातली की कर्ज फिटते, असे सांगून दक्षिणा मागणारे लोक या दिवसांत आपल्याकडे येतील. त्यांना चहा पाजून वाटेला लावावे.

भजनी मंडळींवर मात्र राग धरू नये. ती वाईट माणसे नाहीत; दुसऱ्याच्या दुःखापुढे काय बोलावे हे सुचत नाही, तेव्हा माणूस ऐकलेले वाक्य बोलतो. त्यांतील ज्या एकाचा शब्द गावात चालतो, त्याला बाजूला घेऊन वही दाखवावी आणि माझ्याबरोबर बँकेत चल, किंवा सावकाराशी बोलताना शेजारी बस, एवढेच मागावे. ‘देव बघून घेईल’ म्हणणारा माणूस आपल्यासोबत तालुक्याला आला, तर त्याचे वाक्य खोटे ठरत नाही. नाही आला, तर दुसऱ्याला विचारावे.

देव अजून का देत नाही, याचे उत्तर माझ्याकडे नाही. आपल्याहून अधिक नेम करणाऱ्यांचे गेलेले मी पाहिले आहे आणि ज्यांनी कधी टाळ हाती धरला नाही त्यांचे वाचलेलेही पाहिले आहे. हरिपाठ चालू ठेवावा असे मी सांगेन, पण तो पाऊस पाडील म्हणून नव्हे. दिवसातून एक वेळ अशी असावी की जेव्हा सावकार, बँक आणि आभाळ यांपैकी कोणीही आपला मालक नसतो. तेवढ्या वेळात मन लागले नाही तरी चालते. ओठ हलले तरी पुष्कळ आहे.

राहिला नवस. वडील वाचले म्हणून आपल्याला भीती आहे की न फेडल्यास देवी कोपेल. आई लेकराला कर्ज काढून साडी आण म्हणत नाही, आणि कर्ज काढून फेडलेल्या नवसाचे व्याज देवी भरत नाही, ते आपल्याला आणि आपल्या मुलांना भरावे लागते. जागरण-गोंधळ, बोकड, पन्नास माणसांचे जेवण, हे सर्व ऐपत येईपर्यंत पुढे ढकलावे. मनाला बोचत असेल तर एखाद्या मंगळवारी वडिलांना एसटीने तुळजापूरला न्यावे, हळदकुंकू आणि नारळ वाहावा, बोललेले लक्षात आहे आणि उशीर होणार आहे असे देवीला सांगावे, आणि दर्शन झाले की घरून बांधून नेलेली भाकरी खाऊन दुपारच्या गाडीने परत यावे.